मालमोटारीच्या चालकाची नेमणूक : अनुज्ञप्तीची पडताळणी व मालकाचे दायित्व

मालमोटारीवरील चालकाची नेमणूक बहुधा शिफारशीवर होते. ओळखीच्या चालकाने दुसरा आणून उभा करावा, मालकाने त्याचे लायसन पाहावे, एक फेरी मारवून हात अजमावावा आणि गाडी त्याच्या स्वाधीन करावी, अशी ही रीत आहे. न्यायालयांनी मालकाकडून अपेक्षिलेली दक्षता जवळजवळ एवढीच आहे, हे पुष्कळांस आश्चर्याचे वाटेल.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ३ चालकास बांधते, तर कलम ५ मालकास. योग्य अनुज्ञप्ती नसलेल्या इसमाच्या हाती वाहन देणे हा मालकाचा स्वतंत्र अपराध असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८० अन्वये त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तथापि मालकास खरी धास्ती असते ती नुकसानभरपाईची. चालकाजवळ योग्य अनुज्ञप्ती नव्हती, हा विमा कंपनीस उपलब्ध असलेल्या मोजक्या बचावांपैकी एक होय. तो सिद्ध झाल्यास न्यायालये सामान्यतः अपघातग्रस्तास रक्कम कंपनीकडून देववितात व ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस देतात. ज्याचा एकच ट्रक आहे त्याच्या बाबतीत ही वसुली म्हणजे धंद्याचाच शेवट.

हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने क्रमाक्रमाने आकुंचित केला. १९८७ च्या स्कँडिया खटल्यात चालक इंजिन चालू ठेवून खाद्यपदार्थ आणण्यास गेला व क्लीनरने ट्रक हाकला. मालकाने वाहन अनुज्ञप्तिधारकाच्याच हाती दिले होते, म्हणून कंपनीची सुटका झाली नाही. २००३ च्या लेहरू खटल्यात असे ठरले की, दिसण्यात खरी वाटणारी अनुज्ञप्ती पाहून व चालकाचे कौशल्य अजमावून नेमणूक करणाऱ्या मालकाने देशभर विखुरलेल्या परिवहन कार्यालयांकडे चौकशी करावी, अशी अपेक्षा धरता येत नाही. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात मालकाचा हेतुपुरस्सर भंग वा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकण्यात आला. २०२२ मध्येही न्यायालयाने मूळ भूमिका कायम ठेवली.

लेहरू निर्णयाच्या काळी परराज्यातील कार्यालयास पत्र धाडून उत्तराची वाट पाहणे खरोखरच दुष्कर होते. आता तो अडसर उरलेला नाही. केंद्र शासनाच्या ‘सारथी’ प्रणालीवर अनुज्ञप्तीचा क्रमांक व जन्मतारीख दिल्यास तिची मुदत व वाहनांचे वर्ग काही क्षणांत दिसतात. न्यायालयाने दिलेले संरक्षण हे किमान दक्षतेचे माप आहे. तेच शहाणपणाचे माप मानणे घातक ठरेल.

पडताळणीत वर्गाकडे विशेष लक्ष हवे. १९९४ च्या दुरुस्तीने ‘परिवहन वाहन’ हा एक व्यापक वर्ग निर्माण केल्यापासून हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर छोटा टेंपो चालवता येतो की नाही, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ७,५०० किलोग्रॅमपेक्षा कमी एकूण वजनाच्या वाहनांपुरते उत्तर होकारार्थी दिले. त्याहून जड वाहनासाठी मात्र स्वतंत्र परिवहन अनुज्ञप्ती लागते, आणि तिचा धारक वीस वर्षांहून लहान असू शकत नाही. तिची मुदत पाच वर्षांची, पण धोकादायक माल वाहणाऱ्यासाठी तीनच वर्षांची असते. अर्थात्, नेमणुकीच्या दिवशी वैध असलेली अनुज्ञप्ती नोकरी चालू असतानाच संपुष्टात येते. मुदतीची नोंद मालकाच्या वहीत नसेल तर हे अपघातानंतरच कळते.

याहून बिकट प्रश्न पूर्ववृत्ताचा. अनुज्ञप्ती पात्रता सांगते, वर्तन सांगत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनुज्ञप्तींच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली, आणि ई-चलनाचा शोध अनुज्ञप्तीच्या क्रमांकावरूनही घेता येतो. परंतु कॅमेऱ्याने टिपलेला वेगभंग वाहनाच्या क्रमांकावर पडतो, चालकाच्या नावावर नव्हे. दंड मालक भरतो आणि चालक निष्कलंक राहून दुसऱ्या दाराशी उभा राहतो. त्या तारखेस गाडीवर कोण होता, हे फक्त जुन्या मालकाच्या वहीतच सापडते. म्हणून मागील नोकरीचा कालावधी, वाहनाचा क्रमांक आणि नोकरी सुटण्याचे कारण या तीन गोष्टी जुन्या मालकाकडे स्वतः चौकशी करून लिहून घ्याव्यात. शिफारस आणणाऱ्या चालकाच्या तोंडून त्या ऐकण्यात फारसा अर्थ नाही.