ज्यांचे म्हणणे पटत नाही, त्यांच्याविषयी लिहिताना

गेल्या सुट्टीत येलदरीला बहिणीकडे गेलो होतो. पूर्णा नदीवरच्या धरणामुळे हे गाव सगळ्या परभणी जिल्ह्याला ठाऊक आहे. भाची कॉलेजात इतिहास शिकते आणि मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहिते. मगरिबनंतर तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"मामू, पु. ना. ओकांवर लिहिलंय. वाचा ना."

पहिल्याच वाक्यात ओकांना 'खोटारडा' म्हटले होते.

"का लिहू नये?" ती म्हणाली. "ताजमहालला मंदिर म्हणाले, काबालाही मंदिर म्हणाले!"

तिचा राग मला समजला. तेच दावे आजही मोबाईलवर फिरतात आणि आपल्या मुलांना वर्गात त्यांवरून टोमणे ऐकावे लागतात. पण ज्ञानकोश ही भांडणाची जागा नाही. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत, एखाद्या समूहाच्या वैरापायी न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. लेखणीलाही ती लागू आहेच.

मग आम्ही दोघे लेख नव्याने लिहायला बसलो. आधी माणसाची माहिती: पुरुषोत्तम नागेश ओक यांचा जन्म 1917 मध्ये इंदूरला झाला, निधन 2007 मध्ये पुण्यात. 1964 मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली. मग त्यांचे म्हणणे, त्यांच्याच नावावर: ताजमहाल हे मुळात 'तेजोमहालय' नावाचे शिवमंदिर होते, असा त्यांचा दावा होता. ख्रिस्ती धर्माचे मूळ 'कृष्णनीती'त आणि 'व्हॅटिकन'चे मूळ 'वाटिका' या शब्दात आहे, असेही ते म्हणत. हे वाचून भाची हसली. आपल्यावरच त्यांचा डोळा होता, हा तिचा समज तिथे जरा सैल झाला.

त्यांच्या म्हणण्यात खरे काय, तेही लिहावे लागते. ताजची जागा राजा मानसिंहांच्या घराण्याची होती आणि ती त्यांचे वंशज राजा जयसिंह यांच्याकडून घेतली, असे खुद्द शाहजहानच्या दरबारी इतिहासात, बादशाहनाम्यात, नोंदले आहे. ओक याच नोंदीवर भर देत.

"हे कशाला लिहायचं?" भाचीने विचारले. "त्यांचीच बाजू होईल."

"लपवलं तर उद्या कोणीतरी तेच दाखवून आपला सगळा लेख खोटा ठरवील," मी म्हणालो. "आणि पुढचंही लिही ना. जयसिंहांना बदल्यात दुसऱ्या हवेल्या दिल्या, त्याचं 1633 चं फर्मान आहे. जागा त्यांची होती, म्हणून इमारत मंदिर होती असं ठरत नाही."

शेवटी तपासणीचा निकाल. मुमताज महल 1631 मध्ये बुऱ्हाणपूरला वारल्या. त्यानंतर हा मकबरा बांधला गेला. सुलेखनकार अमानत खान यांचे नाव आणि हिजरी साल ताजवर कोरलेले आहे. ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये फेटाळली. ताज हा मकबराच आहे, मंदिर नाही, असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने 2017 मध्ये आग्र्याच्या न्यायालयात सांगितले. इतिहासाचे अभ्यासक हा दावा मान्य करीत नाहीत.

तटस्थ लिहिणे म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा देणे नव्हे. कोण काय म्हणतो ते त्याच्या नावावर लिहायचे आणि पुराव्याचे वजन असेल तेवढीच जागा त्याला द्यायची. शिवी मात्र कुणालाच नाही.

रात्री भाचीने पहिले वाक्य बदलले: "पु. ना. ओक हे भारतीय लेखक होते. ताजमहाल हे मूळचे मंदिर असल्याचा त्यांचा दावा इतिहासकारांनी व न्यायालयाने स्वीकारलेला नाही."

"मामू, आता राग दिसत नाही," ती म्हणाली.

राग दिसत नव्हता, पण मुद्दा एकही सुटला नव्हता. आता ओकांना मानणारा माणूसही हा लेख पहिल्या ओळीतच बंद करणार नाही. तो पुढे वाचील, आणि पुरावे तर पुढेच आहेत.