लॅपटॉपला हात लावताच झिणझिण्या का येतात?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील घरांमध्ये हा अनुभव अनेकांना येतो. शहाबादी फरशीवर मांडी घालून लॅपटॉप उघडावा, चार्जर भिंतीवरच्या बोर्डात लावावा आणि मनगट लॅपटॉपच्या धातूच्या कडेला टेकताच बारीक झिणझिण्या याव्यात. चार्जर काढला की त्या थांबतात. पायांत चपला घातल्या तरी कमी होतात. 'लॅपटॉपमध्ये करंट उतरला' म्हणून दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतली जाते आणि 'असे होतेच' हे त्याचे उत्तर ऐकून परतावे लागते. त्याचे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते. मात्र नेहमीच नव्हे.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची, तर लॅपटॉपला लागते साधारण १९-२० व्होल्टची. हे रूपांतर करताना चार्जरमधील सर्किट विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते. त्यातून निर्माण होणारा विद्युत गोंगाट रेडिओ, टीव्हीला त्रासदायक ठरू नये यासाठी उच्च दाबाची आणि कमी दाबाची बाजू एका छोट्या कपॅसिटरने जोडलेली असते. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. या कपॅसिटरमधून मुख्य विजेचा अगदी किंचित अंश लॅपटॉपच्या धातूच्या भागापर्यंत झिरपतो. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर पूर्ण २३० व्होल्ट पडले, असे धरले तरी हा प्रवाह सुमारे ०.१६ मिलिअँपिअर भरतो. दोन पिनांच्या उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी घातलेली मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे. घरातील अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर ज्या प्रवाहाला वीज तोडतो, तो असतो ३० मिलिअँपिअर!

म्हणूनच टेस्टरचा दिवा लागला किंवा मल्टिमीटरने शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवले, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. टाकी उंचावर आहे. पण तिची नळी सुईच्या नेढ्याएवढी आहे, असा हा प्रकार.

बोट दाबून धरण्यापेक्षा हलकेच फिरवल्यास पृष्ठभाग खरखरीत लागतो, हेही अनेकांनी अनुभवले असेल. कोरड्या त्वचेचा बाहेरचा थर आणि धातू यांच्यात विद्युत आकर्षण निर्माण होते, ते ५० हर्ट्झच्या विजेबरोबर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि सरकणाऱ्या बोटाला कंप जाणवतो. एडवर्ड मॅलिनक्रॉट या अमेरिकी संशोधकाने दिव्याच्या पितळी होल्डरवर बोट फिरवताना हा परिणाम टिपला आणि १९५३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

चार्जर तीन पिनांचा असेल तर झिरपणारा प्रवाह अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला हवा. तरीही झिणझिण्या येत असतील, तर दोष लॅपटॉपपेक्षा घराच्या अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. आपल्याकडे बोर्डाला तिसरे भोक असते, पण त्यामागे वायर असेलच असे नाही. जाड पिन बसत नाही म्हणून दोन पिनांचे अडॅप्टर सर्रास वापरले जातात, ते वेगळेच.

खरा धोका आहे तो पुढेच. सगळ्या बोर्डांची अर्थिंगची वायर एकमेकांना जोडलेली, पण जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच तुटलेली असेल, तर फ्रिज, गिझर किंवा पाण्याच्या मोटारीत बिघाड होऊन बॉडीत उतरलेला फेज त्याच वायरीने लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो. अशा वेळी मध्ये कपॅसिटरचा अडसर नसतो. काही वायरमन अर्थिंग नाही म्हणून बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हा तर गुन्हाच म्हणावा लागेल. कारण न्यूट्रल तुटला की उपकरणांचे पत्रे थेट फेजवर येतात.

तेव्हा झिणझिण्यांऐवजी झटका बसत असेल, स्नायू आखडत असतील किंवा फ्रिज, नळ यांनाही करंट जाणवत असेल, तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब पेटवून दाखवण्याच्या चाचणीवर समाधान मानू नये. न्यूट्रलशी जोडलेल्या खोट्या अर्थिंगवरही तो तितकाच लख्ख पेटतो. मीटरने अर्थचा रोध मोजून घ्यावा. स्वस्तातला बनावट चार्जर मात्र मोजमापाच्या भानगडीत न पडता बदलावा. त्यात सुरक्षित कपॅसिटरऐवजी साधा बसवलेला असू शकतो आणि तो शॉर्ट झाला, तर पूर्ण दाब लॅपटॉपवर येतो.

कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत सुकतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथे मीटरखालचे अर्थिंगचे जोड गंजलेले असू शकतात. ते उघडून पाहून घ्यावेत.