पुढचा गळा

२०२४ साल संगीतातल्या माणसांना जड गेलं. ९ जानेवारीला राशिद खान गेले, वय अवघं पंचावन्न. चारच दिवसांनी प्रभा अत्रे गेल्या. १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाकीर हुसेन यांचं निधन झालं. प्रत्येक वेळी मथळ्यांतून एकेक युग संपलं आणि मैफलीच्या मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहून, रसिक मंडळी एकमेकांना तोच प्रश्न विचारू लागली: आता उरलं कोण? आज गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपैकी कोणाचं नाव घेताना पन्नास वर्षांनी लोक कानाची पाळी पकडतील?

हा प्रश्न विचारणारा बहुधा समोरच्या मैफलीतच उत्तर शोधतो. कोणाचा सूर नेमका लागतो, कोणाची तान दाणेदार, कोणाच्या कार्यक्रमाची तिकिटं तासाभरात संपतात. मागच्या पिढ्यांचं काय झालं ते पाहिलं, तर हे निकष फारसे कामाला येत नाहीत.

गोव्याच्या दोन गायिका घ्या. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर आणि सांगे तालुक्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. (कुर्डी हे गाव पुढे साळावली धरणात बुडालं. मे महिन्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात.) दोघी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या, दोघींची कर्मभूमी मुंबई. पण हयातीत दोघींचा रुबाब सारखा नव्हता. केसरबाई म्हटलं की राजेरजवाड्यांच्या आणि शेटजींच्या बैठका, भरघोस बिदागी, ‘सूरश्री’ ही पदवी आणि कोणाची भीडभाड न ठेवणारा स्वभाव. मोगूबाईंची तालीमसुद्धा सलग झाली नाही. मध्ये काही काळ त्यांना आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खांकडे आणि अल्लादियाखांचे धाकटे बंधू हैदरखां यांच्याकडे शिकावं लागलं. पती अकाली गेले, पदरात तीन मुलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार केसरबाईंना १९५३ साली मिळाला. मोगूबाईंना त्यासाठी १९६८ पर्यंत थांबावं लागलं.

त्या काळी गिरगावातल्या कोणाही रसिकाला विचारलं असतं की या दोघींत अजरामर कोण, तर उत्तराला क्षणही लागला नसता. ते उत्तर खोटंही ठरलं नाही. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेची दोन व्हॉयेजर यानं अंतराळात गेली. त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर जगभरातल्या निवडक संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई गेल्या. आता त्यांचा आवाज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे पोचला आहे. यापेक्षा मोठी कीर्ती ती कोणती?

इथे पृथ्वीवर मात्र हिशेब वेगळा झाला. जयपूर घराण्याचं गाणं आज कानावर पडतं, ते बहुतेकदा मोगूबाईंच्या वाटेनं आलेलं असतं. मोगूबाईंनी शिकवलं, भरपूर शिकवलं: कमल तांबे, पद्मा तळवलकर, अरुण द्रविड आणि अर्थातच लेक किशोरी आमोणकर. किशोरीताईंकडे माणिक भिडे शिकल्या, माणिकताईंकडे त्यांची मुलगी अश्विनी. चौथ्या पिढीत गाणं अजून वाढतं आहे, बदलतं आहे. केसरबाईंनी शिकवण्यात हात आखडता घेतला. धोंडूताई कुलकर्णी याच त्यांच्या खऱ्या शिष्या, आणि धोंडूताईंचं नाव शास्त्रीय संगीताच्या बाहेरच्या वाचकाला कळलं ते नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्युझिक रूम’ या पुस्तकामुळे. केसरबाईंचं गाणं ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण ते ऐकायचं गाणं झालं आहे. मोगूबाईंचं गाणं अजून गायलं जातं.

माझ्या मते सगळी मेख या फरकात आहे. कलावंत किती मोठा होता हे त्याचा काळ ठरवतो. तो किती टिकणार हे पुढचा गळा ठरवतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे भास्करबुवा बखले. बुवा १९२२ साली गेले आणि त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ग्रामोफोन आपल्याकडे तेव्हा नवा होता म्हणावं, तर तसंही नाही. कोलकात्यात गौहरजानच्या रेकॉर्डी १९०२ मध्येच झाल्या होत्या, म्हणजे बुवांच्या हयातीतली वीस वर्षं हाताशी होती. त्यांचा आवाज कसा होता हे सांगू शकणारा एकही माणूस आज नाही. तरीही १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली गायल्याशिवाय नाट्यसंगीताची मैफल पुरी होत नाही. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य, पुण्यातलं भारत गायन समाज ही त्यांची संस्था. खुद्द अल्लादियाखांनीही रेकॉर्ड करायला नकार दिला होता, आणि त्यांचं घराणं देशभर पसरलं.

म्हणून रेकॉर्ड बिनकामाची, असं कोणी समजू नये. गदगच्या एका मुलानं दुकानात वाजणारी अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. साडेतीन मिनिटांची तबकडी आणि तिच्या पोटातून भीमसेन जोशी! पण या गोष्टीचा उत्तरार्ध आपण नेहमी विसरतो. रेकॉर्डनं मुलाला घराबाहेर काढलं. गाणं शिकायला त्याला ग्वाल्हेर, जालंधर असं भटकत शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांसमोर बसावं लागलं. आणि त्या सवाई गंधर्वांचं नाव आज पुण्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे, ते भीमसेनांनी १९५३ पासून गुरूच्या नावानं उभ्या केलेल्या महोत्सवामुळे. दर डिसेंबरला तिथे जमणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी सवाई गंधर्वांचा, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांचा, प्रत्यक्ष आवाज ऐकला असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, अशी मला दाट शंका आहे. शिष्यानं गुरूला अमर केलं ते असं.

आपल्याकडे कलावंताला अमर करणारा आणखी एक कारखाना जोरात चालायचा, तो लेखकांचा. कुमार गंधर्व तरुणपणी क्षयानं आजारी पडले, १९४८ मध्ये देवासला आले, एक फुप्फुस निकामी झालं, आणि त्यातून उठून त्यांनी लहान दमसासाचं, तुकड्यातुकड्यांनी आकाराला येणारं गाणं रचलं. याला घराणं कोणतं, हे गाणं तरी आहे का, असे वाद झाले. पण वाद घालणारी माणसं तालेवार होती. पु. ल. देशपांडे होते, वामनराव देशपांडे होते. त्यांच्याआधी केशवराव भोळे, गोविंदराव टेंबे यांनी आपल्या काळच्या गायकांवर इतकं नेमकं लिहून ठेवलं की न ऐकलेली मैफलही वाचकाला ऐकल्यासारखी वाटे. आज कार्यक्रमाची बातमी येते, कलाकाराची मुलाखत येते. त्या कलाकारानं यमन नेमका कसा मांडला, तो कालच्यापेक्षा कुठे वेगळा होता, हे मराठीत लिहिणारे किती उरलेत? आजच्या कलावंतांचं हे नुकसान आहे आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

आता आजच्याकडे वळू. एक गोष्ट मुळातूनच बदलली आहे. १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीत रामायण’ सुरू झालं. वर्षभर, छप्पन्न गाणी, आणि सारा महाराष्ट्र एकाच वेळी रेडिओसमोर. त्याचे संगीतकार सुधीर फडके दंतकथा झाले त्यात या एकत्र ऐकण्याचा वाटा फार मोठा. आता प्रत्येकाच्या कानात वेगळी वायर, किंवा तीही नाही. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं, त्यामुळे गाणं रचणाऱ्याची सगळी धडपड त्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची. बड्या ख्यालात तेवढ्या वेळात गवई जेमतेम षड्ज लावतो.

या गदारोळात एकत्र ऐकण्याच्या जागा थोड्याच उरल्यात: गणेशोत्सवाचा मांडव, लग्नाची वरात, वारी, शाळेचं स्नेहसंमेलन. या चारही ठिकाणी हटकून वाजतात ते अजय-अतुल. ‘अगं बाई अरेच्चा’ (२००४) पासून ‘सैराट’ (२०१६) पर्यंत त्यांनी गोंधळ, लावणी, भारूड, ढोल-ताशा असा सगळा ऐवज मोठ्या वाद्यवृंदात बसवला. ‘सैराट’चं संगीत तर त्यांनी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. कधीकधी त्यांची भव्यता जरा जास्तच भव्य होते, व्हायोलिनांचा ताफा गाण्यावर चालून येतो. पण गावोगावचा बँडवाला त्यांची चाल नोटेशनशिवाय उचलतो, हिंदी आणि कन्नडवाले तीच चाल आपल्या भाषेत नेतात. पुढच्या गळ्याची कसोटी लावली तर मराठीत आज त्यांच्याइतका भक्कम दावा दुसऱ्या कोणाचा नाही. ए. आर. रहमानचा प्रश्न १९९२ च्या ‘रोजा’नंतर दहा वर्षांतच निकालात निघाला होता, त्याची चर्चा नको.

अरिजीत सिंग आणि श्रेया घोषाल यांच्याबद्दल लोक फार ठामपणे बोलतात. आवाजांबद्दल वादच नाही. दोघांची नक्कल स्पर्धांतून हजारो मुलं करतात, हेही खरं. पण नक्कल आवाजाची होते आहे, गाणं मात्र चित्रपटाबरोबर मागे पडतं. श्रेयाला मी थोडं वर ठेवेन, कारण तिनं मराठी-बंगालीसह कितीतरी भाषांत गाऊन ठेवलं आहे आणि आज ना उद्या कोणीतरी ते सगळं एकत्र ऐकेल.

राहुल देशपांडे आणि महेश काळे यांच्याबाबतीत मन थोडं घट्ट करून लिहावं लागतं. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चं नाटक २०१५ साली चित्रपट होऊन आलं, आणि विशीतली मुलं नाट्यपदं गुणगुणू लागली. त्या चित्रपटासाठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांनाही. उपकार आहेतच. पण दोघांच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त टाळ्या पडतात त्या वसंतराव देशपांडे यांच्या, जितेंद्र अभिषेकीबुवांच्या गाण्यांना. वाहून नेणारा आणि ज्याचं वाहून नेलं जातं तो, यांत फरक राहणारच. दोघांकडे अजून वेळ आहे. त्यांची स्वतःची चीज दुसऱ्या कोणाला गावीशी वाटली, की हा परिच्छेद आनंदानं मागे घेता येईल.

शास्त्रीय संगीतात माझी पैज दोन नावांवर. पहिलं उल्हास कशाळकर. राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांच्याकडे शिकून ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा या तिन्ही घराण्यांची विद्या त्यांनी एकजीव केली आणि कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत वर्षानुवर्षं शिष्य घडवले. ओंकार दादरकर त्यांच्यापैकीच. गजाननबुवांचं नाव आज सामान्य श्रोत्याला ठाऊक नसेलही, पण त्याला ते कशाळकरांच्या गळ्यातून ऐकू येतं. दुसरं नाव अश्विनी भिडे-देशपांडे यांचं, आणि तेही त्यांच्या ‘रागरचनांजली’साठी. स्वतः रचलेल्या बंदिशी पुस्तकात छापून, सोबत गाऊन, त्यांनी त्या कोणालाही घ्यायला मोकळ्या करून ठेवल्या. आज दुसऱ्या घराण्यांतल्या मुलीही त्या गातात. कौशिकी चक्रवर्ती यांचा आवाज आणि तयारी या दोघांच्या चाहत्यांनाही थक्क करते, त्यांनी भरपूर शिकवावं एवढीच इच्छा. व्यंकटेश कुमार यांना ऐकताना तर वर मांडलेले सगळे निकष मी गुंडाळून ठेवतो. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंकडे शिकलेला हा माणूस देशभर पोचला तो उशिरा, आणि त्यांचा मारवा ऐकताना हिशेब सुचत नाही.

इथवर लिहून झालं की लक्षात येतं, अशा याद्यांमध्ये लोकगायकांचा एक मोठा प्रवाह कधीच येत नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्यामागे ना घराणं, ना महागडे महोत्सव. तरी १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही वस्तीत जा, गायन पार्टी त्यांची गाणी गात असते, आणि गाणाऱ्या पोरांतली अर्धी त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेली. प्रल्हाद शिंदे यांचंही तेच. आषाढीला आणि गणपतीत त्यांच्या आवाजाशिवाय चालत नाही, मग नाव ठाऊक असो-नसो. आज छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात, मोबाइलवर घेतलेल्या चित्रफिती लाखो लोक पाहतात आणि खेड्यापाड्यांतल्या मुली त्यांची ढब उचलतात. राष्ट्रीय पुरस्काराच्या, तिकीटविक्रीच्या कुठल्याच हिशेबात हे बसत नाही. पैजेत तिसरं नाव घालायची मुभा असेल, तर मी ते इथूनच निवडेन.