दसऱ्याचा झेंडू कधी लावायचा?

गेल्या वर्षी आमच्या गटाने आदल्या वर्षीचीच तारीख धरून झेंडू लावला. झाडं भरली, पण दसरा उलटून आठवडा झाल्यावर. बाजारात टेम्पोचं भाडंही सुटलं नाही. चूक खताची नव्हती, तारखेची होती.

दसरा दरवर्षी सरकतो. २०२४ ला १२ ऑक्टोबरला, २०२५ ला २ ऑक्टोबरला होता. यंदा अधिक महिना आल्यामुळे २० ऑक्टोबरला आहे. म्हणून दसऱ्यापासून मागे मोजायचं. लावणीपासून तोडा सुरू व्हायला साधारण ६० ते ६५ दिवस, त्याआधी रोप तयार व्हायला २५ दिवस. म्हणजे यंदा बी २० जुलैच्या सुमारास टाकायचं आणि झेंडावंदन करून आलं की लावणी. जातीप्रमाणे दिवस कमी-जास्त होतात, ते बी घेतानाच विचारून घ्या.

पण तारीख आली म्हणून मुसळधार पावसात लावू नका. आपल्या भिवंडीकडे भाताच्या खाचरात पाणी साचतं, कोवळं रोप मुळाशी कुजतं. वरकस जागा घ्या, गादीवाफे करा. रोपाला चार-पाच पानं हवीत. आठवडाभर आधी रोपं आडोशातून काढून ऊन-वाऱ्याची सवय लावा. उघडीप बघून संध्याकाळी लावा. त्यासाठी दोन-तीन दिवस थांबावं लागलं, तर थांबा. मागून उमललेली फुलं ८ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला जातील. कुजलेलं रोप मात्र परत उभं राहत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला कालनिर्णय घेऊनच बसा.