वीस गळे, एक पियानो, दोन माइक

वृंदगानाचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, माइक किती लागतील? गायक वीस, मग आठ-दहा तरी हवेतच, असं बहुतेकांना वाटतं. हा समज मंचावरून आलेला आहे. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात प्रत्येक गायकाच्या हातात माइक असतो, कारण तिथे आवाज स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस अशा चार विभागांत गाणाऱ्या कॉयरचं काम वेगळं आहे. त्याचा खरा आवाज कुणा एकाच्या तोंडाशी सापडत नाही. तो दोन-तीन मीटर पुढे, हवेत मिसळल्यावर तयार होतो. तो तिथेच टिपायला हवा, आणि त्याला चांगले दोन माइक पुरतात.

माइक वाढवल्याने नुसता खर्च वाढत नाही, आवाजही बिघडतो. समजा, एकाच गायिकेचा आवाज दोन माइकमध्ये जातोय आणि दुसरा माइक तिच्यापासून ३४ सेंटीमीटर जास्त लांब आहे. ध्वनीला तेवढं अंतर कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. हे दोन्ही आवाज सारख्या पातळीवर एकत्र केले की ५०० हर्ट्झचा स्वर पुसला जातो, मग १५००, मग २५००. यातला ५०० हर्ट्झ बायकांच्या गळ्याच्या ऐन मधल्या पट्टीत येतो. आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो, आणि गायिका जरा डोलली की ही भोकंही सरकतात. आठ माइक आणि वीस गायक असले की हा गोंधळ किती वाढत असेल, याची कल्पना करा. माइक वाढवणं भागच असेल, तर दोन माइकमधलं अंतर गायक ते माइक या अंतराच्या तिप्पट तरी ठेवावं.

दोन माइकांची ही पद्धत काही काटकसरीची तडजोड नाही. लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालीच स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि त्यांची दोन माइकांची जोडी आजही वापरात आहे. छोट्या कॉयरसाठी मला फ्रेंच रेडिओने रूढ केलेली ‘ओआरटीएफ’ रचना सर्वांत भरवशाची वाटते. दोन कार्डिऑइड माइक, त्यांच्या तोंडांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर, आणि दोघांमध्ये ११० अंशांचा कोन. एकाच स्टँडवर आडवी पट्टी लावून हे सहज बसतं.

खरी मेख स्टँडच्या उंचीत आहे. माइक तोंडासमोर हवा, हा समज एकट्या गायकापुरता ठीक आहे. तीन ओळींच्या कॉयरसमोर माइक तोंडाच्या उंचीवर ठेवला आणि तो पहिल्या ओळीपासून एक मीटर, तिसरीपासून अडीच मीटर असला, तर मागच्यांचा आवाज जवळजवळ ८ डेसिबलने कमी येतो. म्हणजे टेनर आणि बेस गेलेच. तोच माइक तीन मीटर उंच चढवा, पहिल्या ओळीपासून दोन मीटर मागे घ्या आणि तोंड मागच्या ओळीकडे झुकवा. फरक ४ डेसिबलच्या आत येतो. मागच्या ओळीला पायऱ्यांवर किंवा बाकावर उभं केलंत तर आणखी कमी.

आता पियानो. तो वरचढ होतो म्हणून त्याचं झाकण बंद करून टाकायचं, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि तो वाईट सल्ला आहे. झाकण लावल्यावर पियानो फारसा हळू होत नाही, घुसमटतो. वरच्या स्वरांची चमक जाते, खालच्यांचा गदगदाट राहतो आणि शब्द नेमके त्याखाली दबतात. झाकण छोट्या टेकूवर ठेवावं आणि पियानोची जागा बदलावी. मैफिलीत पियानो श्रोत्यांच्या बाजूला, कॉयरच्या पुढे असतो. ध्वनिमुद्रणात श्रोतेच नाहीत, मग ती मांडणी कशाला? पियानो माइकांच्या पाठीमागे न्या, कॉयर समोर. कार्डिऑइड माइक मागचा आवाज कमी घेतो. ओआरटीएफ जोडीत बरोब्बर पाठीमागून येणारा आवाज समोरच्या मध्यापेक्षा सुमारे ११ डेसिबलने कमी पडतो, तेही दोन्ही सारख्याच अंतरावर असताना. मग पियानोला स्वतःचा माइक देऊन हवा तेवढाच मिसळता येतो. एवढंच बघायचं की वादकाला संचालकाचे हात दिसले पाहिजेत.

आपल्याकडच्या अनेक हॉलमध्ये भिंतीला चिकटवलेला उभा पियानो असतो. त्याचा ध्वनिफलक पाठीमागे असतो, त्यामुळे भिंतीला टेकलेला पियानो अर्धा मुका होतो. तो हातभर तरी पुढे ओढावा. आणि मुंबई-गोव्याच्या दमट हवेत लाकूड फुगून स्वर चढतात. पावसाळ्याआधी लावलेला पियानो पावसाळ्यात तसाच राहिला असेल, असं धरून चालू नये. ट्यूनरला आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी बोलवावं.

खोलीला अंड्याचे ट्रे लावले की स्टुडिओ झाला, हाही पक्का रुजलेला गैरसमज. ते ट्रे वरचे स्वर थोडेसे शोषतात. रस्त्यावरचे हॉर्न अडवत नाहीत आणि खालच्या स्वरांना हातही लावत नाहीत. शिवाय कॉयरला मेलेली खोली मुळात नकोच असते. गोव्यातल्या जुन्या चर्चच्या जाड भिंती आणि उंच छत यांमुळे जो घुमारा मिळतो, त्यात चार विभाग आपसूक एकजीव होतात. घुमारा जास्त वाटला तर जोडी हातभर पुढे सरकवावी. नंतर संगणकावर काढू, असं म्हणू नये. घुमारा घालणं सोपं आहे, काढणं फार कठीण. रिकाम्या चर्चमध्ये तो भरलेल्या चर्चपेक्षा लांबतो, कारण माणसं आवाज शोषतात. रविवारच्या प्रार्थनेत ऐकलेल्या अंदाजावर विसंबू नये, ते यासाठी. पंखे मात्र सगळे बंद.

लाल दिवा लागेपर्यंत पातळी चढवायची, ही टेपच्या काळातली सवय. २४ बिटच्या मुद्रणात सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी काही हरवत नाही. उलट शेवटच्या कडव्यात सगळे उत्साहाने तुटून पडतात, तेव्हा ती जागा लागतेच.

पहिली चाचणी ऐकताना एखादी सोप्रानो ठळक निघते. अशा वेळी हात बटणाकडे जातो. तिला मागच्या ओळीत, टोकाला उभं करा आणि पुन्हा ऐका. बेस कमी पडत असतील तर त्यांना मध्यावर आणा. अशा दोन-तीन अदलाबदलींना अर्धा तास लागतो. तो वेळापत्रकात धरून ठेवावा, कारण गायक ताजेतवाने असतात तेव्हाच त्यांचा खरा समतोल ऐकू येतो.