माउंट म्युनिक! कर्नलमधल्या एका ओळीची भन्नाट वंशावळ

माहीत आहे का? लिनक्सचा कर्नल स्वतः बांधायला बसलात की एक लांबलचक मेनू उघडतो. ‘फाइल सिस्टम्स’मध्ये शिरा, तिथून ‘नेटवर्क फाइल सिस्टम्स’मध्ये जा, आणि समोर येते एक साधीशी ओळ: ‘एनएफएस क्लायंट सपोर्ट’. या ओळीच्या खानदानात एक जण आहे म्युनिकच्या परिसरातला आणि एक जण जन्माने पुण्याचा!

एनएफएस म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टीम. फाइल दुसऱ्याच मशीनवर असते, दिसते मात्र तुमच्या फोल्डरमध्ये. उघडा, लिहा, सेव्ह करा. मध्ये नेटवर्क आहे याचा प्रोग्रामला थांगपत्ता लागत नाही. या जोडणीला म्हणतात ‘माउंट’ करणं. आल्प्स चढायची गरज नाही, एक कमांड पुरते!

आता भेटा हिरो नंबर एकला. अँडी बेख्टोल्सहाइम, जन्म १९५५, म्युनिकच्या नैऋत्येला असलेल्या आमरझे तलावाच्या परिसरातला. सोळाव्या वर्षी पठ्ठ्याने इंटेलच्या ८००८ चिपवर एक इंडस्ट्रियल कंट्रोलर डिझाइन केला आणि त्याच्या रॉयल्टीतून स्वतःच्या शिक्षणाचा मोठा भार उचलला. सोळाव्या वर्षी, बरं का!

म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत त्याने प्रवेशही घेतला. पण तिथे कॉम्प्युटरवर हात चालवायला पुरेशी संधीच मिळेना. मग १९७५ मध्ये फुलब्राइट स्कॉलरशिप घेऊन गडी थेट अमेरिकेला, कार्नेगी मेलनला.

हिरो नंबर दोन: विनोद खोसला. जन्म पुण्याचा, सालही तेच १९५५! दिल्लीच्या आयआयटीतून तेही पोचले कार्नेगी मेलनलाच. पुढे दोघांचीही गाडी स्टॅनफर्डला लागली.

स्टॅनफर्डमध्ये अँडीने एक वर्कस्टेशन बनवलं होतं. ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ची आद्याक्षरं जोडा, काय मिळतं? सन! आणि सन १९८२ मध्ये उगवली सन मायक्रोसिस्टम्स. पहिले सीईओ खोसला. सोबत स्कॉट मॅकनीली, आणि लवकरच बिल जॉयही सामील.

नेटवर्क कंपनीच्या नावातच होतं, मग ते फायलींत उतरणारच! १९८४ मध्ये सनच्या इंजिनिअरांनी एनएफएस घडवली आणि १९८५ मध्ये ती जगासमोर आली. तिच्याबरोबर आली ‘व्हीएफएस’ नावाची आतली रचना. तिच्यामुळे कर्नल कुठल्याही फाइल सिस्टीमशी एकाच पद्धतीने बोलू लागला. हीच कल्पना आज लिनक्सच्या गाभ्यात आहे. माझ्या मते एनएफएसपेक्षाही हे मोठं देणं!

जाता जाता: १९९८ मध्ये ‘गूगल इंक.’च्या नावाने एक लाख डॉलर्सचा चेक फाडणारा माणूस कोण? हाच आपला अँडी! कंपनीची नोंदणी तेव्हा व्हायची होती, म्हणून चेक वठवायलाही थांबावं लागलं.

चला परत मेनूत. अशा ओळीपुढे तुम्ही द्यायचं उत्तर असतं वाय, एम किंवा एन. वाय म्हणजे कर्नलमध्येच पक्कं बसवा. एम म्हणजे मॉड्यूल, लागेल तेव्हा लोड करा. एन म्हणजे नको. बहुतेकांचं काम ‘एम’वर मजेत भागतं.

पण थांबा, इथे आहे ट्विस्ट! डिस्कच नसलेलं मशीन नेटवर्कवरून बूट करायचंय? त्यासाठी वेगळी ओळ आहे: ‘रूट फाइल सिस्टीम ऑन एनएफएस’. आणि क्लायंट सपोर्ट ‘एम’वर ठेवलात तर ही ओळ मेनूत दिसतच नाही!

का? मॉड्यूल ठेवलेलं असतं रूट फाइल सिस्टीममध्ये, आणि ती उघडायला लागतं तेच मॉड्यूल. कपाटाची किल्ली कपाटातच राहून गेल्यासारखं! म्हणून इथे ‘वाय’च हवा. जोडीला बूट होतानाच आयपी पत्ता मिळवणारा पर्यायही चालू हवा, आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही कर्नलमध्येच बसवलेला हवा. (इनिटरामएफएस नावाचा छोटा तात्पुरता रूट सोबत दिला तर मॉड्यूल त्यातून लोड होतं. तो राजमार्गही आज सर्रास वापरला जातो.)

माहीत आहे का, एनएफएसवरून रूट माउंट करण्याची ही युक्ती म्युनिक महापालिकेच्या कामी आली? २८ मे २००३ रोजी नगर परिषदेने ठरवलं: विंडोजला रामराम, लिनक्सला नमस्कार! प्रोजेक्टचं नाव लिमक्स. त्याआधी, मार्चमध्ये, मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी मोडून महापौर क्रिस्टियान उडे यांना भेटायला आले होते. तरी कौल लिनक्सच्या पेंग्विनलाच!

आता सुमारे पंधरा हजार कॉम्प्युटर्स. प्रत्येकापाशी सीडी घेऊन कोण बसणार? उत्तर होतं ‘फाय’, म्हणजे फुली ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन. हे टूल १९९९ पासूनचं, कोलोन विद्यापीठातलं. त्याची पद्धत भारी आहे: कोरं मशीन नेटवर्कवरून उठतं, आपला रूट एनएफएसवरून माउंट करतं आणि मग स्वतःच्याच डिस्कवर लिनक्स चढवून घेतं. ज्या फोल्डरमधून हे घडतं त्याचं नावच ‘एनएफएसरूट’!

२०१३ च्या अखेरीस मोहीम फत्ते झाली. मग २०१७ मध्ये नगर परिषदेने उलटा कौल दिला: चला पुन्हा विंडोजकडे. आणि २०२० च्या नव्या आघाडीने करारात लिहिलं की शक्य तिथे ओपन सोर्सला पसंती. म्युनिकचं सॉफ्टवेअर असं कूस बदलत राहतं! लिमक्सवाल्यांनी दहा वर्षं खपून जे उभं केलं त्याला मात्र माझा कडक सलाम.

परत एनएफएसकडे, पटकन एक नगेट. सर्व्हर मध्येच बंद पडला तर क्लायंट काय करतो? वाट बघतो. कितीही वेळ! स्क्रीनवर उमटतं ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’. सर्व्हर परत उठला की दुसरी ओळ येते, ‘सर्व्हर ओके’, आणि अडकलेला प्रोग्राम जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे सरकतो. याला म्हणतात ‘हार्ड’ माउंट, आणि डिफॉल्ट तोच आहे. ‘सॉफ्ट’ निवडलात तर काही प्रयत्नांनंतर एरर येते आणि लिहिता लिहिता डेटा गमावण्याचा धोका राहतो. डेटा प्यारा असेल तर हार्डच!

माउंट करतानाचा आणखी एक पर्याय ‘टाइमओ’, म्हणजे टाइमआउट. तिथे ६०० लिहिलं तर किती सेकंद थांबेल? सहाशे नाही, साठ! आकडा सेकंदाच्या दशांशात मोजतात. चकलात ना?

नेटवर्कवरून ‘रूट’ युजर आला की सर्व्हर त्याचे सगळे अधिकार काढून घेतो आणि त्याला बनवतो ‘नोबडी’. क्लायंटवरचा राजा सर्व्हरवर कोणीच नाही! सुरक्षेसाठी हा डिफॉल्ट एकदम झकास.

उघडी असलेली फाइल त्याच क्लायंटवरून कोणी डिलीट केली तर? क्लायंट तिला गुपचूप ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणारं विचित्र नाव देतो आणि काम संपल्यावर पुसतो. या प्रकाराचं अधिकृत नाव ऐका: ‘सिली रिनेम’. हो, कर्नलच्या सोर्स कोडमध्येही हाच शब्द!

एनएफएसच्या आवृत्ती दोनमध्ये फाइल २ जीबीच्या पुढे जाऊच शकत नव्हती. आज मोबाइलवरचे काही सिनेमेही त्यात मावायचे नाहीत. १९९५ च्या आवृत्ती तीनने ही भिंत पाडली. आवृत्ती चारने पोर्टची भानगडही मिटवली: फायरवॉलमध्ये २०४९ उघडा, काम झालं.

आता यू-सिक्स मेट्रो पकडा आणि म्युनिकच्या उत्तरेला गार्शिंगला उतरा. इथे आहे लायब्निझ सुपरकॉम्प्युटिंग सेंटर. त्यांचा सुपरमक जून २०१२ च्या टॉप ५०० यादीत जगात चौथा आणि युरोपात पहिला आला. गंमत म्हणजे तो थंड राहायचा कोमट पाण्यावर, आणि त्याच्या उष्णतेवर हिवाळ्यात इमारती ऊब घ्यायच्या! एवढ्या अजस्र मशीनला एनएफएसपेक्षा दांडगी फाइल सिस्टीम लागते. तिथे कामाला होती आयबीएमची जीपीएफएस.

आणि जीपीएफएसवरचा डेटा साध्या एनएफएस क्लायंटला दाखवायला आयबीएम कोणतं सॉफ्टवेअर वापरतं, माहीत आहे का? त्याचं नाव आहे... गणेशा! अगदी आपले बाप्पा. ‘एनएफएस गणेशा’ हा सर्व्हर फ्रान्सच्या अणुऊर्जा संस्थेत जन्मला आणि २००७ मध्ये मुक्त झाला. तो कर्नलच्या बाहेर चालतो आणि वेगवेगळ्या फाइल सिस्टीम्सना एनएफएसचं तोंड देतो. पुण्यात जन्मलेल्या माणसाच्या कंपनीचा प्रोटोकॉल, आणि सर्व्हर गणेशाच्या नावाचा. बोला, मोरया!

मेनूत आणखी एक खजिना: ‘स्वॅप ओव्हर एनएफएस’. मेमरी कमी पडली तर स्वॅपसाठी चक्क दुसऱ्या मशीनची डिस्क वापरा! आणि यूडीपी? एके काळी एनएफएसचं लाडकं वाहन. २०२० च्या ५.६ कर्नलपासून ते डिफॉल्टनेच बंद. टीसीपी झिंदाबाद! २०२३ पासून तर क्लायंटला टीएलएसचं कुलूपही मिळालं आहे, तेच तंत्र जे तुमच्या बँकेच्या साइटला राखतं.

तुमच्या मशीनमध्ये ही ओळ जागी आहे का, ते आत्ता बघता येतं. ‘प्रोक’ फोल्डरमधली ‘फाइलसिस्टम्स’ नावाची फाइल उघडा आणि ‘एनएफएस’ शोधा. त्याच्या शेजारी ‘नोडेव्ह’ लिहिलेलं असेल, कारण या फाइल सिस्टीमला स्वतःची डिस्क लागतच नाही. नाव सापडलं नाही तर लगेच कर्नल बांधायला धावू नका. मॉड्यूल अजून लोड झालेलं नसेल. एखादा शेअर माउंट करा आणि तीच फाइल पुन्हा उघडून बघा.