एक गोष्ट, एकच नोंद

१ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. कळमनुरी तालुक्यांतील वारंगा फाटा जागचा हलला नाहीं. त्याचा जिल्हा मात्र बदलला. समजा, संगणकांत तेथील प्रत्येक खातेदाराच्या नांवापुढें ‘परभणी’ लिहिलेलें असतें. तर जितके खातेदार, तितक्या दुरुस्त्या. आणि एक जरी राहिली, तरी एकच गांव दोन जिल्ह्यांत दिसूं लागलें असतें! एडगर कॉड यांनीं १९७० सालीं सुचविलेल्या ‘नॉर्मलायझेशन’चें मर्म येथेंच आहे. खातेदारापुढें केवळ गांवाचा क्रमांक, गांवापुढें तालुक्याचा, आणि तालुक्यापुढें जिल्हा लिहावा. मग कळमनुरीच्या ओळींतील एक शब्द बदलला, कीं काम झालें. पुनरुक्तीनें केवळ जागा वाया जात नाहीं. दोन नोंदींत विसंगति आली, म्हणजे खरी कोणती, हें सांगणारें कोणी उरत नाहीं.